बग सापडतो, तरी गेम तसाच बाहेर का पडतो?

शिरपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणाऱ्या एका मुलाने विचारलंय: "दादा, पैसे साठवून नवा गेम घेतला, तर पहिल्याच संध्याकाळी बंद पडला. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे टेस्टर झोपा काढतात का? आणि टेस्टरचं काम म्हणजे दिवसभर गेमच खेळायचा ना? मग मला ते खान्देशात बसून जमेल का?"

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण तो आमच्या टेस्टरांच्या बिरादरीवरचा आरोप आहे. बाजारात आलेल्या गेममध्ये तुला जे बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, दिसतात, त्यातले बरेचसे टेस्टरने आधीच पाहिलेले असतात, लिहिलेले असतात, बैठकीत दोनदा उकरून काढलेले असतात. त्यांच्यापुढे शेवटी शेरा पडतो: माहीत आहे, चालेल. टेस्टर बग शोधतो. गेम थांबवायचा की सोडायचा, हे ठरवणारी खुर्ची दुसऱ्याची असते.

काम कसं चालतं ते बघ. सकाळी नवं बिल्ड, म्हणजे गेमची ताजी प्रत, येतं. आधी स्मोक टेस्ट: गेम उघडतो का, मेनू चालतो का, पहिली लेव्हल संपते का, सेव्ह होतं का. इथेच अडकलं तर बिल्ड परत. नाहीतर ज्याला जो भाग वाटून दिलाय तो घेऊन बसायचं. बग दिसला की 'जिरा' नावाच्या बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर तिकीट टाकायचं. त्या तिकिटात दोन रकाने असतात आणि सगळी भांडणं त्या दोन रकान्यांत होतात. सिव्हिअरिटी, म्हणजे बगने किती नुकसान होतं, ती टेस्टर लिहितो. प्रायॉरिटी, म्हणजे तो कधी दुरुस्त करायचा, ती प्रोड्यूसर, म्हणजे गेमचं वेळापत्रक आणि खर्च सांभाळणारा माणूस, ठरवतो. सुरुवातीच्या स्क्रीनवर कंपनीच्या नावात एक मात्रा चुकली, तर नुकसान शून्य पण दुरुस्ती आजच्या आज. एखाद्या जुन्या फोनवर शेवटच्या लेव्हलला गेम क्रॅश होतो, तर नुकसान मोठं पण दुरुस्ती 'बघू पुढच्या पॅचला', म्हणजे गेम आल्यानंतरच्या सुधारणेत. रोज संध्याकाळी ट्रायाजची, म्हणजे बगची वर्गवारी करायची, बैठक होते, तिथे प्रोड्यूसर, मुख्य प्रोग्रामर आणि टेस्टिंगचा लीड अशी मंडळी बसून एकेक तिकीट निकालात काढतात.

रिलीज जवळ आला की गंमत उलटी होते. दुरुस्ती म्हणजे नवा कोड, आणि नवा कोड म्हणजे नव्या बगची सोय. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात बारीकसारीक दुरुस्त्या मुद्दाम नाकारल्या जातात. प्रोग्रामर उत्साहाने म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे, करून टाकतो." लीडने तेव्हा हात धरायचा असतो. त्या पाच मिनिटांच्या कामापायी सेव्ह फाइल उडाली तर रात्रभर सगळा गेम पुन्हा तपासावा लागतो. तेव्हा झाडाच्या फांदीतून हिरोचा हात आरपार जातोय हे तुला दिसतं, आम्हालाही दिसलेलं असतं, आणि ते तसंच ठेवणं हा बऱ्याचदा शहाणपणाचा निर्णय असतो. यात मी प्रोड्यूसरच्या बाजूने आहे.

मी विरोधात जातो तो तारखेच्या बाबतीत. रावेर-सावद्याकडे केळीचं पाहिलं असशील: घड कापला की गाडी भरून निघालीच पाहिजे, भाव पडलेला असला तरी. रिलीजच्या तारखेचंही तसंच होतं. जाहिरातीचे पैसे भरलेले, स्टोअरवरची जागा ठरलेली, आगाऊ नोंदणी घेतलेली. मग बैठकीतला प्रश्न 'हा बग गंभीर आहे का' असा राहत नाही. 'याच्यासाठी तारीख हलवायची का' असा होतो, आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

सायबरपंक २०७७ चं उदाहरण सगळेच देतात, पण त्यातला क्रम बघ. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा गेम २०२० च्या एप्रिलमध्ये येणार होता. तो सप्टेंबरवर गेला, मग नोव्हेंबरवर. ५ ऑक्टोबरला 'गोल्ड' झाल्याची घोषणा झाली, म्हणजे डिस्कवर छापायची प्रत तयार. तरी महिनाअखेरीस आणखी तीन आठवडे मागून घेतले आणि १० डिसेंबरला गेम आला. आगाऊ नोंदणीच ८० लाखांवर. परीक्षणासाठी आधी दिलेल्या प्रती फक्त पीसीच्या होत्या. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर मात्र हाल झाले, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. परत यायला जून २०२१ उजाडला. जानेवारीत कंपनीच्या सहसंस्थापकांनी व्हिडिओतून माफी मागितली, आणि लोकांना आलेल्या अडचणींपैकी बराच भाग आमच्या टेस्टिंगमध्ये दिसला नव्हता असं सांगितलं. मला ते पटलेलं नाही. जुन्या कन्सोलवर रस्त्यावरची माणसं उशिरा उगवतात, गाड्यांचे नुसते ठोकळे दिसतात, हे बघायला तज्ज्ञ टेस्टर लागत नाही, दोन डोळे पुरतात.

इथे लोक विचारतात, मग सोनी-मायक्रोसॉफ्ट तपासून घेत नाहीत का? घेतात. सोनीचं टीआरसी, मायक्रोसॉफ्टचं एक्सआर, निन्टेन्डोचं लॉटचेक, ही त्या तपासणीचीच नावं. पण त्या यादीत बहुतांशी कन्सोलची शिस्त असते: कंट्रोलर मध्येच सुटला तर गेम थांबतो का, सेव्ह चालू असताना सूचना दिसते का, खातं बदललं तर काय होतं. गेम खेळण्यासारखा आहे का, हा त्यांचा विषयच नाही.

मोबाईलवर दट्ट्या वेगळा आहे. गूगल प्ले रोज मोजतं की खेळणाऱ्यांपैकी किती जणांसमोर गेम क्रॅश झाला. तो आकडा १.०९ टक्क्यांच्या वर गेला की स्टोअरमध्ये तुमचा गेम मागे ढकलला जाऊ शकतो. एखाद्याच मॉडेलच्या फोनवर ८ टक्क्यांच्या वर गेला, तर त्या फोनवाल्यांना इशारा दाखवला जाऊ शकतो. म्हणून क्रॅश म्हटलं की प्रोड्यूसर खुर्चीत सरळ बसतो. क्रॅश नसलेला बग, मग तो कितीही छळणारा असो, त्या आकड्यात येत नाही. आता हे ऐक.

मी पुण्यात काही वर्षं काढून अमळनेरला घरी आलो आणि तिथून कंत्राटावर एका मोटारसायकल रेसच्या गेमचं काम घेतलं. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, पत्र्याची खोली. साधा ३ जीबी रॅमचा फोन, चार्जिंगला लावलेला. अर्धा तास खेळलं की गाडी वळणावरच्या सिमेंटच्या कठड्यातून आरपार जायची आणि नकाशाखाली पडत राहायची. खाली नुसतं निळं आभाळ. तिकीट टाकलं. पुण्याहून शेरा आला: 'नॉट रिप्रोड्यूसिबल', आमच्याकडे हे घडत नाही. त्यांचंही खरं होतं. एसीच्या खोलीत, तोच फोन, तोच ट्रॅक, काही होत नव्हतं.

कारण असं. फोन तापला की चिप स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते. सेकंदाला ६० चित्रं काढणारा गेम २० वर येतो. आता गाडीचा वेग धर सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. ६० चित्रं असताना दोन चित्रांमध्ये गाडी अर्धा मीटर सरकते. २० असताना दीड मीटर. कठडा एक मीटर जाडीचा. टक्कर झाली की नाही हे जर गेम प्रत्येक चित्राच्या वेळीच तपासत असेल, तर आधीच्या चित्रात गाडी कठड्याच्या अलीकडे आणि पुढच्या चित्रात पलीकडे. मधल्या वेळात कठडा होता हे गेमला कळतच नाही. उपाय जुना आणि माहितीतला आहे: टक्करीचं गणित चित्रांच्या वेगाला न बांधता ठरावीक काळाने करायचं, आणि वेगवान वस्तूंसाठी दोन जागांमधला रस्ताही तपासायचा. या गेममध्ये ते केलेलं नव्हतं.

तिकीट पुन्हा उघडलं, आणि या वेळी पायऱ्यांत लिहिलं: फोन चार्जिंगला लावा, ब्राइटनेस पूर्ण, खोलीत एसी-पंखा बंद, सलग अर्धा तास रेस, मग तिसरं वळण पूर्ण वेगात. सोबत बॅटरीच्या तापमानाचा आणि फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं त्याचा, आलेख. पुण्याला कुणीतरी फोन उन्हात खिडकीत ठेवला आणि बग तिथेही उगवला. ट्रायाजमध्ये तो मान्य झाला, आणि तरीही 'पुढच्या पॅचला' गेला. आयपीएल संपायच्या आत गेम आणायचा होता, जाहिरातीचे पैसे गेलेले होते, आणि गाडी कठड्यातून पडणं हा क्रॅश नव्हता. गेम आला. एका ताऱ्याचे शेरे कुठून आले? अकोला, नागपूर, राजस्थान, जिथे जिथे ऊन होतं तिथून. पॅच आला तेव्हा पावसाळा लागला होता.

तिथपासून माझं ठाम मत झालंय की भारतात विकायच्या गेमची चाचणी पुण्या-बंगळुरूच्या एसी लॅबमध्ये पूर्ण होऊच शकत नाही. ऊन हा एक भाग झाला. दुसरा नेटवर्कचा. सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीत बसून अमळनेर ते धरणगाव गेम चालू ठेव. स्टेशन सुटलं की रेंज डळमळते, टॉवर बदलतो, मध्येच इंटरनेट जातं. नेमकं त्या क्षणी बक्षिसाचं बटण दाबलेलं असेल तर? फोनने सर्व्हरला सांगितलं 'शंभर नाणी दे', सर्व्हरने दिली, पण पोचपावती परतीच्या वाटेत हरवली. फोन पुन्हा मागतो. सर्व्हरने प्रत्येक मागणीवर क्रमांक टाकून 'ही आधीच भागवली' असं ओळखायला हवं. ओळखलं नाही तर दोनशे नाणी. पोरांना हे टेस्टरच्या आधी कळतं, आणि मग ती मुद्दाम विमान मोड चालू-बंद करत बसतात.

तिसरा भाग मराठीचा. हल्ली काही गेम मराठीत येतात आणि स्क्रीनवर अक्षरांचा चिवडा होतो. पहिली वेलांटी साठवताना अक्षराच्या नंतर असते आणि दाखवताना आधी यावी लागते. हे काम करणारी वेगळी यंत्रणा लागते. गेम ज्यांच्यावर बनतात त्या बऱ्याच इंजिनांतली (तयार सॉफ्टवेअरमधली) नेहमीची अक्षरव्यवस्था हे करत नाही, युनिटी या इंजिनाची टेक्स्टमेश प्रो ही त्यांतलीच. मग 'शिका' मधली वेलांटी 'श' च्या उजवीकडे लटकते, रफार हरवतो, जोडाक्षरांचे पाय मोडतात. हिंदीवाल्याने तपासलं तर 'वाऱ्यावर' मधला अर्धा र बिघडलेला त्याला खटकणारच नाही, कारण हिंदीत तो नसतो. आणि 'रिट्राय' साठी बनवलेल्या इवल्याशा बटणात 'पुन्हा प्रयत्न करा' बसवलं की शेवटचा 'करा' बाहेर. असे बग धरायला मराठी वाचणारा माणूसच लागतो.

आता टेस्टरांची बाजू मांडून झाली, पण सगळेच बग माहीत असतात असंही नाही. साधा हिशेब कर. समज, ५० टेस्टर, रोज ८ तास, वर्षाचे २५० दिवस: एक लाख तास झाले. गेम आला आणि पहिल्या दिवशी १० लाख लोकांनी फक्त तासभर खेळला, तर एका दिवसात १० लाख तास. दोन लाख तासांत एकदा घडणारी गोष्ट आम्हाला कदाचित वर्षभर दिसणार नाही, आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी पाच ठिकाणी दिसेल. शिवाय खेळणारा माणूस वागतो कसा, याचा अंदाज बांधता येत नाही. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये एका बॉसने, म्हणजे मोठ्या शत्रूने, दिलेला संसर्ग त्याच्या एका इलाख्यापुरता ठेवायचा होता. खेळाडूंनी आजारी पाळीव प्राणी तिथून परत बोलावून घेतले आणि शहरात पुन्हा सोडले. गावंच्या गावं ओस पडली, शेवटी सर्व्हर नव्याने सुरू करावे लागले. त्या इलाख्याची चाचणी नीट झालीच असेल. शहरात प्राणी सोडून बघायचं कोणाच्या यादीत असणार?

काही बग तर जन्मतः लहान असतात आणि नंतर वाढतात. रॉकस्टार कंपनीचा जीटीए ऑनलाइन हा गेम २०१३ चा. लोड व्हायला काही पीसींवर पाच-सहा मिनिटं लागायची आणि लोकांनी ते नशीब म्हणून स्वीकारलं होतं. २०२१ मध्ये एका खेळाडूने स्वतःच आत डोकावून पाहिलं: दुकानातल्या वस्तूंची सुमारे ६३ हजार नोंदींची, १० एमबीची यादी गेम वाचत होता, आणि प्रत्येक नोंदीला उरलेली सगळी फाइल शेवटापर्यंत नव्याने मोजत होता. त्याने ते बदललं आणि वेळ जवळपास ७० टक्के कमी झाला. रॉकस्टारने दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. सुरुवातीला ती यादी लहान असणार, तेव्हा कोणी तपासलं असतं तरी काही जाणवलं नसतं.

जाता जाता: सिव्हिलायझेशन या गेममध्ये गांधीजी अणुबॉम्ब टाकतात ते आकड्याच्या बगमुळे, ही गोष्ट तुला कोणीतरी सांगेलच. ती दंतकथा आहे. गेम बनवणाऱ्या सिड मायर यांनीच २०२० मध्ये असा बग नव्हता हे सांगितलंय.

तुझा दुसरा प्रश्न, दिवसभर गेमच खेळायचा ना. आमच्या शेजारच्या काकूही आईला हेच म्हणायच्या, "पोऱ्या दिनभर मोबाईल खेळस, अन् म्हने नोकरी करस!" खेळणं तुझ्या मनाने चालतं. टेस्टिंगमध्ये एका दाराशी गाडी आडवी-उभी-तिरपी लावून पाहायची, सगळ्या शस्त्रांनी तेच दार फोडायचं, मधेच फोन आला तर, बॅटरी संपली तर, भाषा बदलली तर, असं लिहून ठेवत जायचं. दुसऱ्या दिवशी नवं बिल्ड येतं आणि तेच दार पुन्हा. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने येऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

आणि पैशाचंही सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. गेम उद्योगात टेस्टिंगचं काम सर्वांत कमी पगाराचं आणि सर्वांत जास्त कंत्राटी. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर या गेम स्टुडिओने कंत्राटी टेस्टर कमी केले, म्हणून तिथल्या टेस्टरांनी काम बंद केलं आणि पुढच्या मे मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. आपल्याकडे तसलं काही चित्र नाही. रिलीजआधी रात्री जागाव्या लागतात, रिलीज झाली की कंत्राट संपतं. इथून पुढे प्रोग्रामिंग किंवा ऑटोमेशनकडे, म्हणजे प्रोग्राम लिहून चाचण्या आपोआप चालवण्याकडे, वळणारे टिकतात, म्हणून पायथन थोडंफार शिकून घे.

खान्देशात बसून? पूर्ण नाही. मोठ्या गेमची न आलेली बिल्डं घरी देत नाहीत, त्यासाठी ऑफिसातच बसावं लागतं, आणि युबिसॉफ्टसारखे स्टुडिओ पुण्या-मुंबईत आहेत. मोबाईल गेमची कामं मात्र घरून मिळतात. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, हे आमच्याकडचे लोक उठसूट ऐकवतात, पण गावातून ऑफिस चालवायला त्याचा उपयोग नाही. दिवसभर वीज लागते आणि दोन कंपन्यांची सिम लागतात.

सुरुवात अशी कर. जळगावला गोलाणी मार्केटमधून एक जुना, कमी रॅमचा फोन घे. चांगला फोन टेस्टरच्या कामाचा नसतो. कॉम्प्युटरला जोडून लॉगकॅट, म्हणजे फोनने आतल्या आत ठेवलेली नोंद, वाचायला शिक, म्हणजे गेम बंद पडताना शेवटच्या ओळीत काय लिहून गेला ते कळेल. मग स्टोअरवरच्या कुठल्याही फुकट गेममधले पाच बग शोध आणि इंग्रजीत नीट लिहून काढ. 'गेम हँग होतो' असं लिहिलेलं तिकीट पहिल्याच बैठकीत मरतं, आणि अशी तिकिटं लिहिणारे टेस्टर थोडेथोडके नाहीत. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, गेमची आवृत्ती, नेटवर्क, एकेक पायरी, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं, आणि छोटा व्हिडिओ. अर्जासोबत हे पाच रिपोर्ट जोड, कोर्सच्या सर्टिफिकेटांचे फोटो नकोत.

काम मिळालं की पहिल्या दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतील. तो कागद वाच. न आलेल्या गेमचा एक स्क्रीनशॉट जरी व्हॉट्सअॅप स्टेटसला गेला तरी काम त्याच दिवशी जातं, आणि पुढचा स्टुडिओ आधी तेच विचारतो.